आधी गोड, मग बातमी

कराडला आमच्या लहानपणी जिलबीचे दिवस ठरलेले होते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी. झेंडावंदन करून परत येताना चौकाचौकांत कढया पेटलेल्या असायच्या, आणि पाक कागदातून झिरपून मनगटापर्यंत उतरायचा. एरवी जिलबी पाहायची ती लग्नाच्या पंगतीत. त्यामुळे १९९३ च्या ऑक्टोबरात, कसलाही सण नसलेल्या एका दिवशी, स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या हॉटेलाबाहेर जिलबीची कढई दिसली तेव्हा आम्ही पोरी दप्तरं घेऊन तिथेच थबकलो.

बाहेर एक फळा टेकवून ठेवला होता. रोज त्यावर मिसळ, वडा, उसळ असं लिहिलेलं असायचं. त्या दिवशी एवढंच होतं: आजची सगळी जिलबी किल्लारीसाठी. खाली किलोचा भाव, आणि त्याखाली, ‘सामान आमच्याकडून. गल्ल्यात येईल तो प्रत्येक रुपया तिकडे.’

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबरच्या पहाटे झाला होता. गणपती विसर्जन करून, दमून लोक झोपले होते, आणि झोपेतच दगडामातीची घरं त्यांच्यावर बसली. आमच्या भागात भूकंप हा शब्द नुसता बातमीतला नव्हता. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आजीच्या अंगात मुरलेली होती. किल्लारीची बातमी रेडिओवर ऐकल्यापासून ती रात्री अंथरूण अंगणात घालायला लागली होती. त्या दिवशी तिने मला पदराच्या गाठीतले पैसे काढून दिले आणि पाव किलो आण म्हणाली. आजीला मधुमेह होता. तिने एक तुकडासुद्धा तोंडात घातला नाही, शेजारच्या मुलांना वाटून टाकली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं, फळ्यावर नवीन मजकूर होता. किती किलो खपली, किती रुपये जमले, आणि ते कुणाच्या हाती दिले. दोन दिवस तो मजकूर तसाच ठेवून मग मिसळ परत आली. मला आकडा आठवत नाही. आकडा लिहिला होता हे मात्र अजून आठवतं, आणि पुढे जे सांगायचं आहे त्यात त्या फळ्याकडे मला परत यायचं आहे.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत आण्णांबरोबर मी पहिल्यांदा मुंबई पाहिली. पाहिली म्हणजे परळ पाहिलं. माझ्या आत्याला कॅन्सर निघाला होता आणि तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिचे उपचार चालू होते. तिचे यजमान, आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, ते मामा तिच्याबरोबर दीड महिना मुंबईत होते. कुठे राहतात हे त्यांनी पत्रात कधी लिहिलं नव्हतं. ‘हॉस्पिटलच्या जवळच सोय झाली आहे’ एवढंच लिहायचे.

ती सोय म्हणजे फुटपाथ होता. भिंतीला लागून निळं प्लॅस्टिक, आत वळकटी, एक स्टोव्ह, दोन पातेली, आणि खिळ्याला टांगलेल्या पिशवीत आत्याची फाईल. फाईल मात्र दोन-दोन पिशव्यांत गुंडाळलेली, पाणी लागू नये म्हणून. शेजारी तसंच बिहारहून आलेलं एक कुटुंब, त्यापलीकडे जळगावकडचे नवरा-बायको. मामा गावी सोसायटीचे सेक्रेटरी होते. इस्त्रीच्या धोतराशिवाय मी त्यांना पाहिलं नव्हतं. तिथे ते लुंगी लावून भात शिजवत होते, आणि आम्हाला पाहून त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर पटकन उठून सदरा चढवला.

आण्णांनी येताना साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा डबा आणला होता. मामांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि वळकटीखाली ठेवून दिला. ‘सुट्टी मिळू दे तिला, मग फोडू,’ म्हणाले. आमच्यात पेढ्याचा क्रम तसाच आहे. आधी बातमी, मग तोंड गोड. निकाल लागला, मुलगा झाला, नोकरी लागली, पेशंट घरी आला. बातमीशिवाय पेढे वाटणं म्हणजे नशिबाला डिवचणं, असं मामांना वाटत असणार.

त्या बिहारच्या कुटुंबात पाच-सहा वर्षांचा एक मुलगा होता. केमोने डोक्यावरचे सगळे केस गेलेले, भुवयासुद्धा. दिवसभर त्याने काही खाल्लं नव्हतं, जे दिलं ते उलटून पडत होतं. संध्याकाळी तो रांगत येऊन आमच्या प्लॅस्टिकच्या कडेला बसला आणि वळकटीतून डोकावणाऱ्या डब्याकडे बोट दाखवून आईला काहीतरी म्हणाला. आई ओशाळली, त्याला ओढायला लागली. मामांनी तिला हाताने थांबवलं. डबा काढला, दोरा तोडला आणि पहिला पेढा त्या मुलाच्या हातावर ठेवला. त्याने तो कुरतडत कुरतडत अर्ध्या तासात संपवला, आणि तो पोटात राहिला. मग तो डबा त्या फुटपाथवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. कुणाकडेच बातमी नव्हती.

पुढच्या महिन्यात दादरच्या एका धर्मशाळेत मामांचा नंबर लागला. नंबर लागणे हा तिथला शब्द. खोली, नळ, संडास, आणि रात्री पाठ टेकायला जमीन. आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगली. उपचार हॉस्पिटलने केले हे खरंच, पण आत्या स्वतः म्हणायची की हे दिवसा माझ्याशी हसून बोलायला लागले ना, तेव्हापासून मला औषध लागू पडलं. मामा हसायला लागले ते पाठ टेकायला जागा मिळाल्यावर.

हे सगळं मी मागे ठेवलंय असं मला वाटत होतं. २००९ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहायला आलो. पहिल्याच मार्चमध्ये ऑफिसातल्या एका मैत्रिणीने माझ्यासमोर एक हिरवागार कप ठेवला. मॅकडोनाल्डचा शॅमरॉक शेक. सेंट पॅट्रिकच्या आयरिश सणाच्या, म्हणजे १७ मार्चच्या आगेमागे थोडे आठवडे मिळतो. दूध, आइस्क्रीम, पुदिन्याचा वास, वर क्रीम. चव मला फार आवडली नाही, अजूनही नाही. पण ती मैत्रीण या शहरात वाढलेली. तिने सहज सांगितलं की आमच्या शहरातलं एक घर या शेकवर उभं राहिलंय. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

गोष्ट अशी आहे. फ्रेड हिल हा फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघातला खेळाडू. १९६९ मध्ये त्याच्या तीन वर्षांच्या मुलीला, किमला, रक्ताचा कॅन्सर झाला. त्या काळी हा आजार झालेली फारच थोडी मुलं वाचायची. फ्रेड आणि त्याची बायको फ्रॅन हॉस्पिटलच्या खुर्च्यांवर झोपत, यंत्रातून नाणी टाकून मिळेल ते खात, आणि आजूबाजूला त्यांच्यासारखेच आईबाप बघत. काही जण फार लांबून आलेले. हॉटेलात राहणं परवडत नाही, घरी जाता येत नाही. हे वाचताना मला निळं प्लॅस्टिक दिसत होतं. तो संघाचा खेळाडू आणि मामा सोसायटीचे सेक्रेटरी, पण पोटच्या पोरीच्या किंवा बायकोच्या उशाशी बसलेल्या माणसाची रात्र सगळीकडे तेवढीच लांब असते.

संघातली माणसं हिल कुटुंबासाठी उभी राहिली, पैसे जमवायला लागली. संघाचे जनरल मॅनेजर जिम मरे हे पैसे घेऊन मुलांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर ऑड्री इव्हान्स यांच्याकडे गेले. इव्हान्सबाई मूळच्या इंग्लंडच्या, यॉर्कच्या. लहान मुलांच्या कॅन्सरवर, विशेषतः न्यूरोब्लास्टोमा या मज्जापेशींच्या कॅन्सरवर, त्यांनी आयुष्य घातलं. या बाईंनी जे मागितलं त्यामुळे मला त्या फार मोठ्या वाटतात. एवढ्या नावाजलेल्या डॉक्टरने यंत्र मागावं, प्रयोगशाळा मागावी. त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी एक घर मागितलं. हॉस्पिटलजवळचं साधं घर, जिथे या मुलांच्या आईबापांना अंघोळ करता येईल, चहा करून पिता येईल, दुसऱ्या आईशी बोलता येईल. मूल एकटं आजारी पडत नाही, घर आजारी पडतं, हे त्या रोज वॉर्डात बघत होत्या.

मरेंनी जाहिरात कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. ती कंपनी मॅकडोनाल्डचं स्थानिक काम बघायची. विचारलं, पुढे तुमचं काय येतंय? उत्तर आलं, शॅमरॉक शेक. बोलणं सुरू झालं ते कपामागे २५ सेंटपासून. मग कंपनीचे विभागीय मॅनेजर एड रेन्सी यांनी विचारलं, की शेकचे सगळेच पैसे दिले तर घराला आमचं नाव लावाल का. मरे तयार झाले. स्प्रूस रस्त्यावर सात खोल्यांचं जुनं घर मिळालं आणि १५ ऑक्टोबर १९७४ ला ते उघडलं. रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस. रोनाल्ड हा कंपनीच्या जाहिरातींतला विदूषक. आज साठाहून जास्त देशांत या संस्थेचं काम आहे. फिलाडेल्फियाचं पहिलं घर पुढे जवळच्याच चेस्टनट रस्त्यावर मोठ्या वास्तूत गेलं. किम त्या आजारातून उठली, मोठी झाली, या घरांसाठी बोलत राहिली. २०११ मध्ये ४४ व्या वर्षी मेंदूतल्या गाठींनी ती गेली. इव्हान्सबाई २०२२ मध्ये ९७ वर्षांच्या होऊन गेल्या.

मला या गोष्टीतला शेक महत्त्वाचा वाटतो. म्हणजे ते पैसे ब्रेडमधून, बटाट्यातून का आले नाहीत? मी स्वतः स्वयंपाकाची आवड असलेली बाई आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे मी आधी कढईच्या बाजूने बघते. गोडाला लागणारं सामान तुलनेने स्वस्त असतं. साखर, मैदा, दूध. महाग असतो तो हात. जिलबीचं पीठ कधी आंबलं हे ओळखणारा, पाकाची तार बोटांवर बघणारा. त्यामुळे हॉटेलवाला गोड दान करतो तेव्हा तो मुख्यतः आपलं कसब दान करतो, आणि कसब दिल्याने कमी होत नाही. दुसरं, जेवणात गोड शेवटी येतं. पोट भरलेलं असतं, माणूस सैलावलेला असतो. त्या वेळी कुणी म्हटलं की आजच्या गोडाचे पैसे अमुक मुलांना जाणार आहेत, तर हात आखडत नाही. आणि तिसरं, मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की गोड कुणाची गरज नसतं. भुकेल्या माणसाला वरणभातावर जास्त पैसे मोजायला लावणं वाईट. गोड नको असेल त्याने घेऊ नये, कुणी त्याला विचारणार नाही. घेणारा मोकळा असतो, आणि ज्याच्यासाठी पैसे जमतात त्याला कुणापुढे उभं राहून हात पसरावा लागत नाही.

ही रीत अमेरिकेत चांगलीच रुजलेली आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, फ्रान्समधल्या आघाडीजवळ साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या बायकांनी सैनिकांसाठी डोनट तळले. त्यांची आठवण म्हणून १९३८ मध्ये शिकागोत गरजूंसाठी पैसे उभे करायला डोनटचा दिवस सुरू झाला, तो जूनच्या पहिल्या शुक्रवारी अजून पाळतात. डेअरी क्वीनवाले उन्हाळ्यात एक दिवस त्यांच्या ब्लिझर्ड आइस्क्रीममागे डॉलर किंवा जास्त मुलांच्या हॉस्पिटलांना देतात. कॅनडात टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांची हसऱ्या तोंडाची कुकी १९९६ मध्ये हॅमिल्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी निघाली. आता ती देशभर त्या त्या गावातल्या संस्थेसाठी विकतात. कुकीचे सगळे पैसे जातात. २०२० च्या जूनमध्ये तर वॉशिंग्टनच्या पाओला व्हेलेझ आणि तिच्या दोन साथीदारांनी वंशद्वेषाविरुद्ध बेक सेल, म्हणजे केक-बिस्किटं भाजून विकून पैसे जमवणं, पुकारला. कोविडमुळे हॉटेलं बंद पडलेली. अशा वेळी हजारो लोकांनी आपापल्या भट्ट्या पेटवल्या.

आता फळ्याकडे येते. इथल्या दुकानांत अशा पाट्या मी नीट वाचते, आणि काही पाट्यांनी मला खरंच त्रास होतो. ‘विक्रीतला काही भाग’ असं लिहिलेलं असतं. काही म्हणजे किती? ‘नफ्यातला भाग’ असं असेल तर आणखी अवघड, कारण नफा कुठून मोजायचा हे दुकानदार ठरवणार. कधी बारीक अक्षरात वरची मर्यादा असते. तेवढी रक्कम झाली की पुढचा प्रत्येक कप नुसता धंदा, पण पाटी तशीच राहते. घेणाऱ्याला वाटतं आपण दिलं. हे मला चांगलं वाटत नाही. माणसाच्या मनातली देण्याची इच्छा वापरायची असेल तर त्याला आकडा सांगायला हवा. कपामागे २५ सेंट, हे चांगलं. सगळे पैसे, हे त्याहून चांगलं. आणि संपल्यावर किती जमले, कुणाला दिले, हे त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. कराडच्या त्या हॉटेलमालकांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

साखरेचा आक्षेपही मी बऱ्याचदा ऐकलाय. मुलांच्या हॉस्पिटलसाठी मुलांना साखर विकायची, हे कुठलं शहाणपण? मला तो अर्धा पटतो. वर्षातून एकदा जिलबी खाल्ल्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण शेकचा कप दरवर्षी मोठा होत गेला आणि महिनाभर रोज प्यायला लागलं, तर तो आक्षेप पूर्ण पटेल. म्हणून मी लहान कप घेते, मार्चमध्ये एकदा.

नावाचा प्रश्न मात्र मला जास्त वेळ छळत राहिला. घराला विदूषकाचं नाव, कंपनीचं नाव. आमच्याकडे गाडगेबाबा होऊन गेले. झाडू आणि मडकं घेऊन गावोगाव कीर्तनं केली आणि जमलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. बेघरांना आसरा हे त्यांनी देवापेक्षा वर ठेवलं. त्यांच्याच नावाने चाललेल्या मिशनची दादरची धर्मशाळा आज कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवेचं काम आहे. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेने कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी खोल्या आणि एकत्र स्वयंपाकघरं उभी केली, कॉटन ग्रीनला, खारघरला आणि इतर शहरांत. तरी रात्री परळहून जाताना फुटपाथवर प्लॅस्टिक दिसतं. टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं, देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथे येतात, आणि खोल्या कितीही वाढल्या तरी पुऱ्या पडत नाहीत.

तर नाव. मामांना दादरची खोली मिळाली तेव्हा त्यांनी दारावरची देणगीदारांची पाटी वाचली होती का, हे मी एकदा त्यांना विचारलं. ‘वाचली की,’ म्हणाले, ‘रोज संध्याकाळी वाचायचो. ज्यांची नावं होती त्यांना नमस्कार करायचो. आणि ज्यांची नव्हती त्यांना पण.’ तेव्हापासून मी कंपनीच्या नावावर रागावणं सोडून दिलं. ज्याला नाव हवं त्याने घ्यावं. पण त्या हिरव्या कपाला नाणी मोजणारे हजारो लोक कुठल्याच पाटीवर नाहीत, हेही लक्षात ठेवावं.

माझी एक इच्छा आहे आणि ती मी इथे उघड लिहिते. परळ, दादर, लालबागला मिठाईची जुनी, चांगली दुकानं आहेत. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी तिथे पेढ्यांसाठी रांगा लागतात. त्यांतल्या एखाद्याने वर्षातला एक दिवस एकच पदार्थ निवडावा. पेढा, खरवस, पुरणपोळी, जे त्यांचं नावाजलेलं असेल ते. बाहेर फळा लावावा. आजचे सगळे पैसे खोल्यांसाठी. संध्याकाळी आकडा लिहावा. एवढंच. मी मुंबईत असेन त्या वर्षी रांगेत पहिली उभी राहीन.

गेल्या मार्चमध्ये आम्ही चार मराठी बायका चेस्टनट रस्त्यावरच्या घरात स्वयंपाकाला गेलो होतो. बाहेरच्या लोकांनी येऊन तिथल्या कुटुंबांसाठी जेवण करायचं, अशी तिथे पद्धत आहे. घरून शिजवून आणायचं नाही, त्यांच्याच ओट्यावर करायचं. आम्ही पुलाव केला, बटाट्याची भाजी केली, तिखट बेताचं ठेवलं. शेवटी मी शिरा करायला घेतला. रवा तुपात भाजला जायला लागला तशी वासाने दोन-तीन माणसं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. त्यांत एक तरुण आई होती. गळ्यात हॉस्पिटलचा बिल्ला, पायांत मोजे, डोळे जागरणाने तारवटलेले. तिने वाटी घेतली, एक घास खाल्ला आणि विचारलं, हे तुमच्याकडे कधी करतात?

काही चांगलं झालं की करतो, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या बिल्ल्यावरची तारीख कालची होती. ती कालच आली होती.

‘केव्हाही करतो,’ मी म्हटलं.

तिने वाटी संपवली. नवरा वर मुलापाशी बसलाय, त्याच्यासाठी थोडा देता का, म्हणाली. मी मोठा डबा शोधला, काठोकाठ भरला, वर चार बेदाणे जास्त टाकले आणि झाकण घट्ट लावून दिलं. ती कोट अडकवत बाहेर पडली. रस्त्यापलीकडच्या थांब्यावर हॉस्पिटलची गाडी उभीच होती.